विज्ञानप्रसार आणि प्रतिवादी वाचक

१

विज्ञानप्रसाराचा इतिहास बहुधा प्रसार करणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणते मासिक केव्हा निघाले, कोणता ग्रंथ कोणी भाषांतरिला, कोणत्या संस्थेने किती व्याख्याने करविली, याची नोंद त्यात तपशीलवार सापडते. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला तो वाचक मात्र या इतिहासात एखाद्या रिकाम्या पात्रासारखा उभा असतो. त्यात ज्ञान ओतले गेले, एवढेच सांगितले जाते. पात्र भरले नाही तर दोष पात्राच्या गळतीचा, म्हणजे लोकांच्या अज्ञानाचा व भोळेपणाचा, मानला जातो. ही कल्पना इतकी रूढ झाली आहे की, मोबाइलच्या पडद्यावर विज्ञानविषयक मजकुराखाली उलटसुलट उत्तरांची रास पडलेली पाहून अनेक अभ्यासकांना तो एक अपूर्व उत्पात वाटतो. वाचक उलट बोलू लागला, हे जणू आजच प्रथम घडले!

वस्तुतः वाचक पहिल्यापासूनच बोलत आला आहे. आपल्या देशात मुद्रणाचा प्रसार नुकता कोठे होऊ लागला होता, तेव्हाही आधुनिक विज्ञानाची बाजू मांडणाऱ्या एका मराठी पुस्तकाला वर्षभराच्या आत पुस्तकानेच उत्तर मिळाले होते आणि त्या उत्तराला प्रत्युत्तरही. त्या प्रसंगापासून आजच्या विद्युत्-माध्यमांपर्यंतचा मार्ग दीर्घ आहे. तो समग्र पाहणे येथे शक्य नाही. परंतु आकाशविषयक ज्ञानाचा एकच धागा हाती धरला तरी बरेच काही उलगडते. हा धागा निवडण्याचे कारण उघड आहे. रसायन किंवा विद्युत् या विषयांत सामान्य वाचकाला स्वतःचे असे पूर्वमत नव्हते. पृथ्वीचा आकार, ग्रहण, तिथी, कुंडली यांविषयी मात्र प्रत्येक घरात काही ना काही ठाम मत होते. येथे प्रसारकाची गाठ रिकाम्या पात्राशी पडत नव्हती, प्रतिपक्षाशी पडत होती.

२

मध्य भारतातील सिहोर हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भोपाळ संस्थानावरील कंपनी सरकारच्या प्रतिनिधीचे ठाणे होते. तेथे लॅन्सेलॉट विल्किन्सन हा अधिकारी होता. त्याने सिहोरच्या पाठशाळेत ज्योतिषाच्या अध्ययनाला उत्तेजन दिले आणि १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, एतद्देशीयांच्या शिक्षणात सिद्धान्तग्रंथांचा उपयोग कसा करून घ्यावा, या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: या देशातील लोकांना कोपर्निकसचे मत एकदम सांगू नये. पुराणांतील सपाट पृथ्वी, मध्ये मेरू आणि भोवती सप्तसमुद्र हे मत त्यांच्याच ज्योतिषाचार्यांनी पूर्वी खोडून काढलेले आहे. तेव्हा प्रथम भास्कराचार्यांकडे चलावे आणि तेथून पुढे नव्या ज्योतिषाकडे जावे.

ही योजना वरवर पाहता केवळ अध्यापनातील युक्ती वाटते. परंतु तिच्यात एक मोठी गोष्ट गृहीत धरलेली होती. ती ही की, ज्याला शिकवावयाचे त्याच्याजवळ स्वतःची तर्कपरंपरा आहे आणि तिच्यातील प्रमाणे त्याला मान्य आहेत. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी विचारले आहे की, पृथ्वीला कोणाचा आधार असेल तर त्या आधाराला आणखी कोणाचा? ही मालिका कोठेतरी थांबवावीच लागते. मग ती पृथ्वीपाशीच का थांबवू नये? वर्तुळाचा अल्प भाग सरळ दिसतो, म्हणून विशाल गोलावर उभ्या असलेल्या क्षुद्र माणसाला पृथ्वी सपाट भासते, हेही त्यांनी सांगितले आहे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्श्याइतकी दूर आहे, तेव्हा त्या दोहोंमधील अंतराला सोळांनी गुणले म्हणजे पृथ्वीचा परिघ मिळतो, हा त्यांचा हिशेब कोणत्याही जोश्याला करून पाहता येण्यासारखा होता. विल्किन्सनने हाती घेतले ते हेच शस्त्र, आणि ते परके नव्हते.

सिहोरच्या पंडितांपैकी सुबाजी बापू यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. ते १८३६ मध्ये मुंबईस छापले गेले. पुराणमत, सिद्धान्तमत आणि कोपर्निकसचे मत ही तिन्ही त्यात समोरासमोर ठेवलेली आहेत. याच मंडळातील ओंकार भट्ट यांनी पुढे १८४० च्या सुमारास ‘भूगोलसार’ लिहून हाच विषय हिंदीत आणला. पुण्याकडील एका महाराष्ट्रीय घराण्यातील बापूदेव शास्त्री हेही १८३८ मध्ये विल्किन्सनबरोबर सिहोरला आले. तेथून ते १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गेले. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच तपासले आणि ते १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका लहानशा ठाण्यातून मराठी, हिंदी व संस्कृत या तिन्ही भाषांत एकाच वादाच्या शाखा फुटल्या, ही गोष्ट भारतीय वाङ्मयाच्या इतिहासकारांनी अधिक लक्षात घ्यावयास हवी.

३

सुबाजी बापूंच्या पुस्तकाला उत्तर आले ते पुण्याहून. ज्योतिषी यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी १८३७ मध्ये ‘अविरोधप्रकाश’ प्रसिद्ध केला. त्यांची भूमिका नावातच आली आहे. पुराणे व सिद्धान्त यांमध्ये विरोध नाही. जो दिसतो तो आभास आहे. सुबाजी बापूंनी त्याच वर्षी ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून या उत्तराचा समाचार घेतला. दोन वर्षांच्या आत तीन पुस्तके! ज्या काळी छापलेले पुस्तक ही मराठी समाजात एक नवलाची वस्तू होती, त्या काळचा हा प्रकार आहे.

आधुनिक अभ्यासकाची प्रवृत्ती येथे चटकन निकाल देण्याची असते. सुबाजी बापू पुरोगामी, रोडे प्रतिगामी. एकाने प्रकाश आणला, दुसऱ्याने दार लावून घेतले. हा निकाल अपुरा आहे. ‘अविरोध’ ही कल्पना रोड्यांनी शोधून काढलेली नव्हती. महाभारताचे टीकाकार, मूळचे गोदातीरावरील कोपरगावचे आणि काशीत स्थायिक झालेले नीलकंठ चतुर्धर यांनी सतराव्या शतकातच सौर व पौराणिक मतांच्या समर्थनार्थ स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. किंबहुना खुद्द भास्कराचार्यही या मोहापासून अगदी अलिप्त नव्हते. ग्रहण छायेमुळे होते हे निःसंदिग्धपणे सांगितल्यावर, ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो, अशी सोय त्यांनी पुराणांसाठी ठेवलीच आहे. गणित पक्के ठेवून श्रुतिस्मृतींचा मान राखण्याचा हा मार्ग फार जुना होता.

शिवाय त्या वर्षांतील मुंबई इलाख्याची परिस्थिती दृष्टीआड करता येत नाही. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा धर्मविषयक वाद १८३१ मध्ये मुंबईत झाला होता. पुराणांतील भूगोल खोटा, म्हणून पुराणे खोटी, म्हणून पुराणांवर उभा असलेला धर्मही खोटा, अशी साखळी मिशनरी मंडळी जोडीत असत. त्यामुळे पृथ्वी वाटोळी आहे हे वाक्य पुण्याच्या जोश्याच्या कानी पडे तेव्हा ते केवळ भूगोलाचे वाक्य उरत नसे. त्याच्यामागून येणारी इतर वाक्येही त्याला ऐकू येत. त्याने उभारलेला अविरोधाचा तट पृथ्वीच्या आकारासाठी कमी आणि त्या पुढल्या वाक्यांसाठी अधिक होता. विज्ञानाचे एखादे विधान नाकारणारा माणूस नेमके काय नाकारीत असतो, हा प्रश्न येथे प्रथमच स्पष्टपणे उभा राहतो. आणि तो प्रसारकाने पुढेही फारसा स्वतःला विचारलेला दिसत नाही.

या कथेला आणखी एक कंगोरा आहे. १८३९ मध्ये विल्किन्सनने जातिभेदाचे खंडन करणारा, अश्वघोषाच्या नावावरचा ‘वज्रसूची’ हा संस्कृत ग्रंथ छापविला. त्याच पुस्तकात त्या ग्रंथाला दिलेले ‘लघुटंक’ हे उत्तरही छापलेले आहे. जातिव्यवस्थेची बाजू घेऊन वज्रसूचीचा प्रतिवाद करणारा हा लेखक कोण? तेच सुबाजी बापू! ज्यांनी मेरू आणि सप्तसमुद्र सोडले त्यांनी वर्णव्यवस्था सोडली नाही. विज्ञानाचे एक दार उघडले म्हणजे मनाचा सारा वाडा उजळतो, असे मानणाऱ्यांनी या ‘लघुटंका’कडे अवश्य पाहावे. आणि विल्किन्सनविषयीही एक गोष्ट मान्य करावी लागते. तो सत्ताधारी होता. त्याच्या आश्रयाला असलेल्या पंडितांवर त्या सत्तेची छाया पडलेली नव्हती असे म्हणता येणार नाही. तरीही आपण प्रसिद्ध केलेल्या मताचे खंडन त्याने आपल्याच पुस्तकात, त्याच बांधणीत छापले.

या तीन-चार वर्षांच्या व्यवहारात वादाची जुनी शास्त्रीय शिस्त छापील गद्यात आलेली दिसते. पूर्वपक्ष आधी मांडावयाचा, प्रमाण कोणते ते सांगावयाचे, मग उत्तरपक्ष. लेखक आपले नाव घालून बोलतो आणि प्रतिपक्ष्याचे नाव घेऊन बोलतो. मराठी गद्याच्या इतिहासात या पुस्तकांना जी उपेक्षा लाभली आहे तिचे कारण ती ललित नाहीत, एवढेच. परंतु अमूर्त विषयावर मतभेद कसा व्यक्त करावा हे मराठी गद्य जेथे जेथे शिकले, त्यांपैकी ही एक पाठशाळा होय.

४

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले, हे सर्वश्रुत आहे. या नियतकालिकांनी विज्ञानाचा वाचक निर्माण केला असे म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु आकाशविषयक वाद घराघरांत शिरला तो पंचांगाच्या वाटेने. पृथ्वी सपाट की वाटोळी, याने कोणाच्या स्वयंपाकघरात फरक पडत नव्हता. एकादशी आज की उद्या, याने पडत होता.

महाराष्ट्रातील पंचांगे प्रामुख्याने गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत असत. १५२० च्या या करणग्रंथाने ज्या-चापांचे किचकट गणित टाळून जोश्यांचे काम सोपे केले होते. मात्र तीन-साडेतीन शतकांत त्या गणिताचे आणि प्रत्यक्ष आकाशाचे अंतर वाढत गेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या कोष्टकांच्या आधारे १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. पटवर्धनांच्या साहाय्यामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. ग्रहांची स्थिती आणि ग्रहणाची वेळ आकाशाशी ताडून पाहता येते. त्यामुळे ‘दृक्प्रत्यय’ हा शब्द या वादाचा परवलीचा शब्द बनला. पंचांग बरोबर की चूक, हे ठरविण्यासाठी डोळे पुरेसे होते.

परंतु सर्व प्रश्न डोळ्यांनी सुटणारे नव्हते. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा? छत्रे यांनी रेवतीतील एक विशिष्ट तारा आरंभस्थान मानली. परिणामी त्यांचा अयनांश प्रचलित अयनांशाहून कित्येक अंशांनी कमी आला, काही वर्षी अधिक महिना निराळा पडू लागला आणि सण महिन्याच्या अंतराने दोनदा येण्याची पाळी आली. विसाजी रघुनाथ लेले यांनी मुळात निरयन पद्धतच नको, ऋतूंशी जुळणारी सायन पद्धत हवी, असा पक्ष घेतला. निरीक्षणाने सुटणारा भाग कोणता आणि संकेताने, म्हणजे सर्वांच्या संमतीने, ठरवावयाचा भाग कोणता, ही विज्ञानातील अत्यंत सूक्ष्म विवेचना सामान्य मराठी गृहस्थाच्या कानांवर पडली ती या भांडणामुळे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त (१८९६) या हयात पक्षांची मते ज्या समतोलाने नोंदविली आहेत, तो समतोल विशेष आहे, कारण दीक्षित स्वतः सायनपक्षाचे होते. लोकमान्य टिळकांनीही या प्रश्नात जातीने लक्ष घातले, आणि मुंबई (१९०४), पुणे (१९१७) व सांगली (१९२०) येथे ज्योतिषपरिषदा भरल्या. त्यांमध्ये गणिती, शास्त्री, पंचांगकर्ते आणि संस्थानिक एकत्र बसत. निर्णयाने सर्वांचे समाधान झाले नाही. तथापि असमाधान कोणत्या मुद्द्यावर आहे, हे सर्वांना ठाऊक होते.

या वादाशी पुढील एक प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगे चालू असल्याचे तिला आढळले. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ या दिवशी, शके १८७९ च्या १ चैत्रास, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. ऋतूंशी जुळणारी ही दिनगणना शास्त्रदृष्ट्या निर्दोष म्हणावी अशी आहे. राजपत्रावर तिची तारीख छापली जाते. लोकव्यवहारात मात्र ती आलीच नाही. तिला कोणी विरोध केला म्हणून नव्हे. तिच्याविषयी कोणाला भांडावेसेच वाटले नाही म्हणून. याउलट त्याच समितीने धार्मिक पंचांगांसाठी अयनांशाचे जे मान ठरविले, म्हणजे २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला, ते देशभरच्या बहुसंख्य पंचांगकर्त्यांनी स्वीकारले. कारण त्या प्रश्नावर तीन पिढ्या वाद घालून थकल्या होत्या आणि निर्णयाची वाट पाहत होत्या. एकाच समितीचे हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. जेथे वाद होऊन गेला होता तेथे विज्ञानाचा शब्द रुजला. जेथे वादच नव्हता तेथे तो कागदावर राहिला. लोकांचे मौन म्हणजे संमती, ही समजूत विज्ञानप्रसारात तरी फसवी ठरते.

५

प्रतिपक्ष्याला मान देऊन त्याला कसोटीच्या ठिकाणी बोलावण्याची रीत विसाव्या शतकाअखेर संपली असे नव्हे. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. फलज्योतिष थोतांड आहे असे भाषण करणे सोपे होते. त्याऐवजी त्यांनी फलज्योतिष्यांनाच आवाहन केले. १०० हुशार आणि १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या मांडल्या होत्या. त्यांतील ४० कुंडल्या प्रत्येकाने घ्याव्यात आणि कोणते मूल कोणत्या गटातील ते सांगावे, एवढीच मागणी होती. ५१ ज्योतिषी पुढे आले. २७ जणांनी उत्तरे धाडली. सरासरी यश ४६ टक्के निघाले. सर्वांत अधिक अचूक उत्तरे ४० पैकी २४ होती. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून मिळणाऱ्या यशाहून हे यश निराळे नव्हते. २००९ मध्ये हा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

या चाचणीचे महत्त्व तिच्या आकड्यांपुरते नाही. किती उत्तरे बरोबर आली म्हणजे यश मानावयाचे, हे उत्तरे येण्यापूर्वी ठरलेले होते. म्हणजे प्रमाण आधी, निर्णय मागून. नारळीकरांनी विज्ञानकथा, व्याख्याने आणि वृत्तपत्री लेख यांच्याद्वारे मराठी वाचकाशी अर्धशतक संवाद केला. २०२५ मध्ये ते निवर्तले. त्या दीर्घ संवादात ही लहानशी चाचणी कदाचित सर्वांत अधिक सिहोरच्या परंपरेतील ठरेल.

त्या चाचणीतील त्यांचे सहकारी नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना या हत्येबद्दल दोषी ठरविले. ज्या पुण्यातून १८३७ मध्ये एका ज्योतिष्याने पुस्तकाला पुस्तकाने उत्तर दिले होते, त्याच पुण्यात ही घटना घडावी, यावर अधिक भाष्य करण्याचे प्रयोजन नाही. प्रतिवादी वाचकाच्या या इतिहासात तिची नोंद मात्र करावीच लागते. कारण वाद जेथे संपतो ती सीमा तिने दाखवून दिली आहे.

६

आता विद्युत्-माध्यमांकडे वळावे. त्यांनी वाचक पुन्हा बोलका केला, हे त्यांचे पहिले आणि निर्विवाद श्रेय आहे. आकाशवाणी, दूरदर्शन आणि पाठ्यपुस्तके यांच्या काळात विज्ञान एकाच दिशेने वाहत होते; श्रोत्याचे उत्तर फार तर एखाद्या पत्राच्या रूपाने पोचे. आज तसे नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरत असता ‘इस्रो’चे थेट प्रक्षेपण एकाच क्षणी ८० लाखांहून अधिक ठिकाणी पाहिले जात होते. हा श्रोतृसमुदाय फार मोठा होता. परंतु पाहणे हा सहभागाचा एक प्रकार झाला. तो साऱ्या सहभागाचे माप होऊ शकत नाही. टाळ्या वाजविणारा समुदाय आणि प्रश्न विचारणारा समुदाय यांत फरक असतो, आणि राष्ट्रीय दिनदर्शिकेच्या दाखल्यावरून पाहता, यातील दुसराच विज्ञानाला अधिक उपकारक होय.

प्रश्न विचारणारा, उलट बोलणारा समुदायही या माध्यमांत आहेच. मग त्याच्या बोलण्यातून सिहोर-पुण्यासारखा वाद का उभा राहत नाही? वाचक अधिक अडाणी झाला आहे असे मानण्यास आधार नाही. बदलली आहे ती बोलण्याची रचना. २२ मार्च २०२० रोजी, महामारीच्या आरंभी, लोकांनी एकाच वेळी टाळ्या व थाळ्या वाजविल्या. तेव्हा त्या ध्वनीच्या कंपनांनी विषाणू नष्ट होतो असा संदेश मोबाइलवरून देशभर फिरला आणि सरकारी माहिती कार्यालयाला त्याचा इन्कार करावा लागला. हा संदेश कोणी लिहिला होता? त्याला कर्ता नव्हता. पुढे पाठविणारा म्हणे, मला आला तसा मी पाठविला. वेदांना अपौरुषेय मानणाऱ्या देशात अपौरुषेयतेचे हे नवे रूप अवतरले आहे! कर्ता नाही म्हणून दोष नाही, आणि दोष नाही म्हणून प्रामाण्य स्वयंसिद्ध. रोड्यांशी वाद घालता येत होता, कारण पुस्तकावर रोड्यांचे नाव होते. निनावी संदेशाचा प्रतिवाद करणाऱ्याला प्रतिपक्षीच सापडत नाही. त्याचे खंडन निराळ्या वाटेने, निराळ्या लोकांकडे जाते, आणि दोन्ही पक्ष एका बांधणीत कधीच येत नाहीत.

दुसरा फरक अवधीचा. ‘अविरोधप्रकाश’ लिहिण्यास प्रतिपक्ष्याचे पुस्तक आधी वाचावे लागले. संदेश पुढे पाठविण्यास वाचावा लागतोच असे नाही. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल असे बंधन घातले, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ते एकावर आणले. ही तरतूद तांत्रिक दिसते. परंतु तिच्या मुळाशी वादशास्त्रातील जुनीच जाणीव आहे. उत्तर देण्यापूर्वी थांबावे लागते.

तथापि चित्र सर्वस्वी काळे नाही. ग्रहणकाळातच मुसळ आपोआप उभे राहते, ही समजूत कर्नाटकात आणि लगतच्या महाराष्ट्रात जुनी आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणाचे निमित्त होऊन ती पडद्यावरही आली. तिचे निराकरण करण्यास ग्रंथ लागत नाही. मुसळाचा बूड सपाट असेल आणि तोल साधला तर ते कोणत्याही दिवशी उभे राहते. ग्रहण नसलेल्या दिवशी ते उभे करून दाखविले की पुरे. ज्या साधनाने समजूत फिरते त्याच साधनाने हा प्रयोगही फिरू शकतो, आणि पाहणाऱ्याला तो घरच्या घरी करून पाहता येतो. हाच तो दृक्प्रत्यय. उज्जयिनीच्या अंतराला सोळांनी गुणणारा जोशी आणि मुसळ उभे करून पाहणारी गृहिणी यांमध्ये तत्त्वतः अंतर नाही.

दुसरे उदाहरण मराठी विकिपीडियाचे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असते. विधानाला आधार नसेल तर ‘संदर्भ हवा’ अशी खूण तेथे करता येते. पूर्वीची आवृत्ती पुसली जात नाही. कोणी काय बदलले हे कोणालाही पाहता येते. पूर्वपक्ष जपून ठेवणे, प्रमाण मागणे आणि मतभेद उघड्यावर चालविणे, या तिन्ही गोष्टी येथे रचनेतच घातलेल्या आहेत. तेथील लेखांचा दर्जा सारखा नाही हे खरे. परंतु वादाला घर मिळाले आहे, आणि ते मराठीत आहे.

७

या दोन शतकांच्या अनुभवातून एक गोष्ट निष्पन्न होते. विज्ञान लोकांत रुजल्याची खूण म्हणजे त्याला होणारी वाहवा नव्हे. त्याचा प्रतिवाद लोकांच्या भाषेत, नाव घालून, प्रमाण सांगून होऊ लागतो ही होय. रोडे यांनी सुबाजी बापूंचे खंडन केले, त्या दिवशी पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न कंपनीच्या ठाण्यातून निघून पुण्याच्या पेठांत आला. खंडन करण्यासाठी तरी मत समजून घ्यावे लागते, आणि समजून घेतलेले मत पूर्णपणे परके राहत नाही.

म्हणून आजच्या प्रसारकाचे काम खोट्या संदेशांची यादी करून ती खोडण्याने पुरे होत नाही. समोरचा माणूस हे विधान नाकारताना दुसरे काय राखू पाहत आहे, हे ओळखणे. त्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडणे. आणि निर्णय कशावरून करावयाचा हे त्याच्याशी बोलून ठरविणे, हे त्याचे कर्तव्य आहे. यासाठी विज्ञानाच्या ज्ञानाइतकीच भाषेच्या ज्ञानाची गरज पडते. वादाचे गद्य ही वाङ्मयाचीच एक शाखा आहे, आणि तिची निगा राखण्याचे काम केवळ वैज्ञानिकांवर सोपवून लेखकांना व समीक्षकांना मोकळे होता येणार नाही. भारतीय भाषांतील ज्या ग्रंथांनी हे गद्य घडविले ते आज ग्रंथालयांच्या तळघरांत विस्मृत पडले आहेत. त्यांचे पुनर्मुद्रण व्हावे. ते करताना ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाशा’सोबत ‘अविरोधप्रकाश’ही छापावा. ‘वज्रसूची’ आणि ‘लघुटंक’ यांच्या बाबतीत विल्किन्सनने १८३९ मध्ये तेच केले होते.